परक्या अवयवाची राखण : प्रत्यारोपणोत्तर प्रतिकारशक्तीच्या मोजमापाचा आढावा

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविलेला मनुष्य आता नवलाईचा विषय राहिलेला नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा अन्य एखाद्या केंद्रात शस्त्रक्रिया करवून तो गावी परततो, शेती, दुकान अथवा नोकरी यांत पुन्हा रुळतो, आणि ठरावीक मुदतीने रक्ताचा नमुना देऊन, आलेला ‘टॅक्रोलिमस लेव्हल’चा आणि क्रिएटिनीनचा आकडा डॉक्टरांपुढे ठेवतो. त्या दोन आकड्यांवर त्याच्या गोळ्यांचे प्रमाण ठरते, आणि गोळ्यांच्या प्रमाणावर त्याचा अवयव, किंबहुना पुष्कळदा त्याचा प्राणही अवलंबून असतो. तथापि यांपैकी पहिला आकडा औषध मोजतो आणि दुसरा मूत्रपिंडाचे काम. ज्या प्रतिकारशक्तीला आवर घालण्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे, तिचे मोजमाप या दोहोंतही प्रत्यक्षपणे होत नाही. ते करता येईल काय, त्यासाठी आजवर कोणकोणते उपाय पुढे आले, त्यांची योग्यता किती, आणि कृष्णाकाठच्या किंवा माणदेशातील रुग्णाला त्यांतले काय उपयोगी पडेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शरीर परकी त्वचा काही दिवसांतच झिडकारते, ही गोष्ट शल्यवैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. पण हा नकार शस्त्रक्रियेतील उणिवेमुळे नसून प्रतिकारशक्तीमुळे होतो, आणि त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली असता ती अधिक त्वरेने टाकून दिली जाते, हे पीटर मेडावर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, भाजलेल्या रुग्णांच्या निमित्ताने सुरू केलेल्या संशोधनातून सिद्ध केले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे आणि त्यांचे सहकारी यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले आणि ते टिकले, याचे कारण ते दोघे एकरूप जुळे होते, म्हणजे प्रतिकारशक्तीचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. इतरांसाठी औषधांचा आधार घेणे प्राप्त होते. १९६० नंतरच्या दशकात अझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन ही जोडी आली. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन १९७८ साली रॉय काल्न यांनी रुग्णांना देऊन पाहिले आणि १९८३ साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून १९८४ साली सापडलेले टॅक्रोलिमस १९९४ पासून अमेरिकेत अधिकृतपणे वापरात आले. औषध जसजसे प्रबळ होत गेले, तसतशी त्याच्या मात्रेतील चूक महाग पडू लागली, आणि मोजमापाचा प्रश्न शल्यकर्माच्या प्रश्नाहून मोठा ठरला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला. त्याच रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासांतच दगावला, म्हणजे प्रतिकारशक्तीची परीक्षा होण्याची वेळच आली नाही. पण त्या एका वर्षात जगभर जी शंभरावर हृदये बसविली गेली, त्यांपैकी बहुतेक रुग्ण अवयव नाकारला गेल्यामुळे किंवा जंतुसंसर्गामुळे अल्पावधीत मरण पावले, आणि बहुतेक केंद्रांनी हे काम थांबविले. आपल्या देशात मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोर येथे झाले. पुढे मूत्रपिंडाच्या खरेदीविक्रीस आळा घालण्यासाठी १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आला आणि फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत त्याचा अंमल प्रथम सुरू झाला. मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप आता विभागीय समन्वय केंद्रांमार्फत होते. आपले दोन्ही जिल्हे पुण्याच्या केंद्राकडे येतात. अवयव कोणाला द्यावयाचा, याविषयीचे नियम, दाखले आणि समित्या यांचा बंदोबस्त अशा रीतीने झाला आहे. परंतु दिलेला अवयव पुढे कसा राखावयाचा, याविषयी असे कोणतेही दप्तर नाही.

मोजमापातील मूळ अडचण आपल्याकडच्या वाचकास कोयनेच्या उदाहरणावरून सहज उमगेल. पावसाळ्यात कोयना धरणाच्या दरवाजांतून किती पाणी सोडले याचा आकडा प्रत्यही प्रसिद्ध होतो, आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले याचाही. पण मधल्या पट्ट्यात पाऊस किती झाला आणि ओढ्यानाल्यांनी किती भर घातली हे ठाऊक नसेल, तर पहिल्या आकड्यावरून बांधलेला दुसऱ्याचा अंदाज चुकतो. टॅक्रोलिमसची पातळी हा विसर्गाचा आकडा होय, आणि क्रिएटिनीन हा पुलाजवळचा. रक्तातील क्रिएटिनीन वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडाची पुष्कळशी हानी आधीच होऊन गेलेली असते. या दोहोंच्या मधली अवस्था जाणण्यासाठी आजवर जे प्रयत्न झाले, त्यांचे तीन वर्ग करता येतात : औषधाचे मोजमाप, अवयवावरील हल्ल्याची चाहूल, आणि प्रतिकारशक्तीच्या एकंदर सामर्थ्याचा अदमास.

औषधाचे मोजमाप हे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत उपयुक्त. टॅक्रोलिमस हे पेशीतील कॅल्सिन्युरिन नामक विकराचे कार्य रोखते; त्यामुळे टी-लसिकापेशींना वृद्धीची आज्ञा देणारे इंटरल्युकिन-२ हे द्रव्य निर्माण होत नाही, आणि हल्ल्याची तयारी प्रारंभीच खुंटते. रात्रीच्या मात्रेनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी, रक्तातील टॅक्रोलिमसची किमान पातळी पाहतात. प्रारंभीच्या महिन्यांत ती प्रतिमिलिलिटर साधारणतः ८ ते १२ नॅनोग्रॅम आणि पुढे ५ ते ८ च्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे, त्यात केंद्रपरत्वे थोडाफार फरक पडतो. १५ देशांतील १६४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिम्फनी’ नावाच्या अभ्यासात ३ ते ७ इतक्या अल्प पातळीवर ठेवलेल्या गटात अवयव नाकारला जाण्याचे प्रमाण शेकडा १२ च्या आसपास, म्हणजे अन्य तीनही गटांच्या सुमारे निम्मे किंवा त्याहूनही कमी, आढळले. हेच औषध अधिक झाले तर ज्या मूत्रपिंडाला राखावयाचे त्यालाच ते अपाय करते, हातांत कंप आणते आणि मधुमेहास निमंत्रण देते. सबब पातळी दोन्ही अंगांनी सांभाळणे अगत्याचे ठरते.

या आकड्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. औषधाचे विघटन करणारे विकर प्रत्येकात सारखे नसते. सीवायपी-३ए५ या जनुकाचे कार्यक्षम रूप ज्याच्याकडे आहे, त्याला तीच पातळी गाठण्यासाठी सुमारे दीडपट ते दुप्पट मात्रा लागते, आणि म्हणून शेजारच्या रुग्णाच्या गोळ्यांशी आपल्या गोळ्यांची तुलना करणे निरर्थक होय. दुसरी गोष्ट अशी की, एकाच रुग्णाची पातळी आज चार, पुढच्या खेपेस अकरा आणि त्यानंतर सहा अशी हेलकावत राहिली, तर तिची सरासरी उत्तम दिसत असूनही अवयव लवकर निकामी होण्याचा धोका वाढतो, असे हॉलंडमधील आणि नंतर इतरत्र झालेल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. हे हेलकावे पुष्कळदा शरीराचे नसतात, व्यवहाराचे असतात : दुकानात एका कंपनीची गोळी नाही म्हणून दुसरीची घेतली, एस.टी. चुकू नये म्हणून गोळी आधीच घेऊन मग रक्त दिले, किंवा या खेपेस नमुना निराळ्या प्रयोगशाळेत गेला. काही पद्धती औषधाबरोबर त्याचे विघटित अंशही मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा वर दिसतो. याकरिता प्रयोगशाळा एकच राखणे, ही बिनखर्चाची परंतु मोठी सुधारणा आहे.

आहार आणि अन्य औषधे यांचा विचार या प्रदेशात विशेष करावा लागतो. तासगावची द्राक्षे व बेदाणे यांविषयी रुग्ण वारंवार विचारतात, कारण टॅक्रोलिमस घेणाऱ्याने ‘ग्रेपफ्रूट’ खाऊ नये अशी सूचना त्यांच्या वाचनात आलेली असते. ते फळ लिंबूवर्गातील आहे, द्राक्ष नव्हे, आणि आपल्याकडे त्याचा सगोत्र म्हणजे पपनस, तेच वर्ज्य करावे. सांगलीची हळद स्वयंपाकातील प्रमाणात असली तर तिच्याविषयी चिंता नाही. परंतु परदेशातील एका रुग्णाने हळद मोठ्या प्रमाणात घेतल्यावर टॅक्रोलिमसची पातळी विषारी होऊन मूत्रपिंडास इजा झाल्याची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली आहे, म्हणून हळदीच्या अर्काच्या गोळ्या किंवा चमचे भरभरून घेतलेली पूड हा निराळाच विषय समजावा. कोविडच्या साथीच्या काळात घरोघर गेलेल्या ‘प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या’ काढ्यांबाबत तर नकार देणेच उचित. ज्याची प्रतिकारशक्ती आवरण्यासाठी औषध चालू आहे त्याने ती चेतविणे हा उलटा व्यवहार होतो, शिवाय गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेले काही रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले आहेत.

यांहून गंभीर प्रकरण क्षयरोगाचे. वेल्लोर येथे १९८६ ते १९९९ या काळात मूत्रपिंड बसविलेल्या रुग्णांपैकी शेकडा सुमारे तेरांना पुढे क्षय झाला, असे तेथील अभ्यासात आढळले. ज्या रिफाम्पिसिनवर क्षयाचा उपचार मुख्यत्वे उभा आहे, ते टॅक्रोलिमसचे विघटन इतके वाढविते की पातळी राखण्यासाठी मात्रा तीन ते पाच पट करावी लागते. आणि तालुक्याच्या ठिकाणी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्याची वर्दी प्रत्यारोपण केंद्रास मिळाली नाही, तर क्षय बरा होत असतानाच अवयव गमावण्याचा प्रसंग येतो. उलटपक्षी केटोकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा डिल्टियाझेम यांनी पातळी चढते. या गुणाचा लाभ घेऊन, खर्च वाचावा म्हणून डिल्टियाझेम हेतुपुरस्सर देण्याचा प्रघातही आपल्या देशात आहे, आणि असे औषध कोणी अजाणता बंद केले की पातळी एकदम घसरते. कोणतेही नवे औषध सुरू किंवा बंद झाले की आठवड्याच्या आत लेव्हल तपासणे, हा नियम म्हणूनच रुग्णाच्या फाइलीच्या पहिल्या पानावर असावा.

दुसरा वर्ग हल्ल्याची चाहूल घेणाऱ्या चाचण्यांचा. जाँ दोसे यांनी १९५८ साली वर्णिलेली पांढऱ्या पेशींवरील ओळखचिन्हे, म्हणजेच एचएलए, ही दाता आणि ग्राहक यांच्यातील मुख्य भेद होत. आणि दात्याच्या या चिन्हांविरुद्ध ग्राहकाच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे असतील तर अवयव तात्काळ नाकारला जातो, हे पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ साली दाखवून दिल्यापासून क्रॉसमॅच ही जुळणीची तपासणी केल्यावाचून कोणी शस्त्रक्रिया करीत नाही. अशी प्रतिपिंडे पूर्वीचे रक्तसंक्रमण, गर्भधारणा किंवा आधीचे प्रत्यारोपण यांमुळे निर्माण झालेली असतात. आपल्याकडे डायलिसिसवरील रुग्णास वारंवार रक्त दिले जाते, आणि पत्नीस पतीचे मूत्रपिंड द्यावयाचे असेल तर तिच्या बाळंतपणांचा इतिहासही महत्त्वाचा ठरतो. शस्त्रक्रियेनंतरही, विशेषतः गोळ्या चुकविल्यास, नवी प्रतिपिंडे तयार होऊन अवयवाचा वर्षानुवर्षे मंद नाश करतात. त्यांची वर्षातून एकदा तपासणी करणे उपयुक्त खरे. परंतु अडचण अशी की, ती सापडली तरी त्यांच्यावर खात्रीचा इलाज अद्याप हाती नाही, सबब त्या चाचणीचा खरा उपयोग रुग्ण नियमितपणे औषध घेतो किंवा नाही याची आठवण करून देण्यातच पुष्कळदा होतो.

हल्ला झाला किंवा नाही याचा अंतिम निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. मूत्रपिंडाचा लहानसा तुकडा सुईने काढून, १९९१ साली कॅनडातील बान्फ येथे भरलेल्या सभेपासून प्रचारात आलेल्या वर्गीकरणानुसार तो वाचला जातो. परंतु बायोप्सी वारंवार करता येत नाही, म्हणून तिच्या जागी सौम्य उपाय शोधण्याकडे संशोधकांचा कल वळला. मरणाऱ्या पेशींतून रक्तात सुटलेल्या डीएनएपैकी दात्याचा अंश शेकडा एकाहून अधिक असेल तर अवयवास इजा होत असल्याचा संशय घ्यावा, असे २०१७ च्या एका अभ्यासाने सुचविले. पण ती इजा नकाराची की विषाणूची, हे ही चाचणी सांगत नाही. लघवीतील सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही दाहसूचक द्रव्ये, तसेच लघवीतल्या पेशींतील संदेशवाहक आरएनए यांवरून नकार बायोप्सीच्या काही दिवस आधी ओळखता येतो, असे अमेरिकेत २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखविले. हृदयाच्या बाबतीत रक्तपेशींच्या जनुकीय चाचणीने बायोप्सीची संख्या कमी करता येते, आणि त्यामुळे रुग्णाचे अहित होत नाही, हे ६०२ रुग्णांवरील २०१० च्या चाचणीत ठरले.

तिसरा वर्ग म्हणजे खुद्द प्रतिकारशक्तीचे सामर्थ्य अजमावण्याचा, आणि आमच्या विषयाचा गाभा तोच. या दिशेने सर्वांत गाजलेली चाचणी २००२ साली अमेरिकेत मान्य झाली. रुग्णाच्या टी-पेशींना चेतवून त्यांत एटीपी किती निर्माण होते हे ती मोजते, आणि २२५ किंवा त्याहून कमी आकडा दुर्बल, ५२५ च्या पुढचा प्रबळ समजला जातो. मूत्रपिंडाच्या रुग्णांत एकदाच घेतलेल्या आकड्यावरून ना संसर्गाचे, ना नकाराचे भाकीत करता येते, असा निष्कर्ष पुढील अभ्यासांत निघाल्याने तिचा दबदबा ओसरला. मात्र इटलीत यकृताच्या २०२ रुग्णांवर, तिच्या आधारे मात्रा बदलून पाहिलेल्या २०१५ च्या प्रयोगात वर्षअखेरीस जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ८२ वरून ९५ वर गेले आणि संसर्गही घटले. दोन निष्कर्षांतील हा विरोध वरवरचा आहे : एका क्षणाचा आकडा दिशा दाखवीत नाही, पण वारंवार मोजून त्यावर कृती केली तर तोच आकडा कामाचा ठरतो.

विशिष्ट विषाणूविरुद्ध टी-पेशी किती जाग्या आहेत हे पाहणाऱ्या चाचण्या त्याहून अधिक मुद्देसूद आहेत. सायटोमेगॅलो विषाणूविरुद्ध या पेशींनी सोडलेला गॅमा-इंटरफेरॉन पुरेसा असेल तर प्रतिबंधक औषध थांबविता येते. बीके नावाचा विषाणू, जो १९७१ साली मूत्रपिंड बसविलेल्या एका रुग्णाच्या लघवीत प्रथम सापडला, तो रक्तात वाढू लागला की प्रतिकारशक्ती अतिदमित झाली असा अर्थ घ्यावा. त्यावर खात्रीचे औषध नसून दमन कमी करणे हाच उपचार असल्यामुळे, पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने त्याची तपासणी करणे हे एक प्रकारे प्रतिकारशक्तीचेच मोजमाप होय. त्याहून चमत्कारिक उदाहरण टॉर्क टेनो विषाणूचे. जपानमध्ये १९९७ साली सापडलेला हा विषाणू बहुतेक माणसांत वास करतो आणि कोणताही ज्ञात रोग उत्पन्न करीत नाही. प्रतिकारशक्ती खालावली की तो वाढतो, सबळ झाली की घटतो. व्हिएन्ना येथील संशोधकांनी त्याची रक्तातील संख्या फार थोडी असेल तर नकाराचा आणि फार मोठी असेल तर संसर्गाचा धोका दाखवून दिला आहे, आणि त्याच्या आधारे टॅक्रोलिमसची मात्रा ठरविण्याचा बहुराष्ट्रीय प्रयोग युरोपात हाती घेतला गेला. लसीलाही या दृष्टीने साक्षीदार मानता येईल : कोविडच्या लसीच्या दोन मात्रांनंतर अमेरिकेतील ६५८ प्रत्यारोपित रुग्णांपैकी केवळ ५४ टक्क्यांतच प्रतिपिंडे आढळली.

या सर्व चाचण्यांची गुणवत्ता मोजण्यासाठी ग्रंथांत न आढळणारी एक कसोटी आपल्या जिल्ह्यांना लावावीच लागते, ती म्हणजे नमुना प्रवास सोसतो काय. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, सांगलीहून सुमारे २३०. जत, आटपाडी किंवा पाटणच्या आडगावातून निघालेल्या नमुन्यास आणखी वेळ लागतो. टॅक्रोलिमससाठी घेतलेले रक्त अनेक दिवस सुस्थितीत राहते, म्हणून ते तालुक्यातून पाठविता येते. विषाणूंच्या तपासणीचे रक्तद्रव व लघवीतील द्रव्येही नीट थंड ठेवून रवाना करता येतात, आणि दात्याच्या डीएनएसाठी विशेष नळ्या मिळतात. याच्या उलट, जिवंत टी-पेशींवर अवलंबून असलेल्या चाचण्यांना नमुना साधारणतः एका दिवसाच्या आसपास प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, नाहीतर मेलेल्या पेशींचा आकडा दुर्बल प्रतिकारशक्तीचा म्हणून वाचला जाईल. या हिशेबाने पाहता, विषाणूंच्या मोजणीकडे व लघवीच्या चाचण्यांकडे आपण आशेने पाहावे, आणि पेशींच्या चाचण्या मोठ्या केंद्रांकडे सोपवाव्यात, हे युक्त ठरते.

उरला प्रश्न पैशाचा व बंदोबस्ताचा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली, हे स्वागतार्ह. पण शस्त्रक्रिया एकदाच होते आणि गोळ्या व लेव्हल मरेपर्यंत. रक्त तपासण्याचा खर्च टाळण्यासाठी रुग्ण तपासणीची मुदत लांबवितो, आणि त्या बचतीची किंमत पुन्हा डायलिसिसच्या रूपाने कुटुंबास व सरकारास मोजावी लागते. २०१९ च्या महापुरात मिरज, पलूस, वाळवे या तालुक्यांतील रस्ते कित्येक दिवस बंद होते; अशा काळात दोन आठवड्यांच्या गोळ्या घरी शिल्लक असणे आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात प्रत्यारोपित रुग्णांची यादी असणे, या गोष्टी कोणत्याही नव्या चाचणीहून अधिक अवयव वाचवतील. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारल्यापासून हे शहर दूरदूरच्या रुग्णांचे आश्रयस्थान आहे, आणि १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे; टॅक्रोलिमसची खात्रीलायक तपासणी माफक दरात करणारी आणि पुण्याच्या केंद्राशी जोडलेली प्रयोगशाळा त्या नगरीस मिळावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

एकंदर निष्कर्ष असा की, प्रतिकारशक्तीचे संपूर्ण माप देणारी एकही चाचणी आज अस्तित्वात नाही, आणि नव्या चाचण्यांपैकी प्रत्येक एका मर्यादित प्रश्नाचेच उत्तर देते. म्हणून रुग्णाने एकच प्रयोगशाळा, एकाच कंपनीची गोळी आणि सकाळी गोळीपूर्वीचा नमुना हे तीन नियम कटाक्षाने पाळावेत. डॉक्टरांनी एकेका आकड्याऐवजी आकड्यांची मालिका वाचावी, आणि क्षय व बीके विषाणू यांच्यावर नजर ठेवावी. शासनाने शस्त्रक्रियेइतकीच आयुष्यभराच्या तपासणीची तजवीज योजनेत करावी. एवढे झाल्यावाचून महागड्या नव्या चाचण्या मागविणे हे आपल्या जिल्ह्यांत खर्चाचे काम ठरेल, उपचाराचे नव्हे.